चाळीस निळे दिवे आणि एक टेंपो

श्रावणातला दुसरा रविवार. रक्कम चार हजार दोनशे, चौक गाव ते ठाणे टेंपोचं भाडं. त्यातले पाचशे मोठ्या भावानं आगाऊ दिले. हजर: माझी आई, मोठा भाऊ, टेंपोवाला, माझी बायको आणि मी. आईच्या घराच्या ओटीवर हा व्यवहार झाला. जिचं सामान जायचं होतं ती मात्र आत जाऊन वाल निवडत बसली होती.

आई चौकला एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. गेली चार-पाच वर्षं तिला कमी ऐकू येतं आणि कानातलं मशीन ती डब्यात ठेवते. त्यात म्हणे हायवेचे ट्रक घरातून गेल्यासारखे वाटतात. आषाढात दादा न कळवता आला. बेल वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. आई मागच्या पडवीत होती, तिला काही पत्ता नाही. शेवटी साठीला टेकलेला माझा भाऊ मागच्या भिंतीवरून उतरला. पँट फाटली आणि गुडघा सोलला. समोर आई धुणं वाळत घालत होती. ती म्हणाली, "दारातनं यायला काय झालं तुला?"

त्यानंतर दादानं ठरवलं की आईला आपल्या घरी ठाण्याला न्यायचं. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. गॅसवाला त्या महिन्यात दोनदा परत गेला होता. आई घरात पडली आणि दाराशी कुणी आलं, तरी आत काय झालंय ते बाहेर कळणार नव्हतं. आमच्या कर्जतच्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, ती यायला तयार नव्हती. ठाण्याला बाराव्या मजल्यावर तर नव्हतीच. पण दादापुढे तिचं चालत नाही.

पाचशेची नोट टेंपोवाल्याच्या खिशात गेल्यावर मी म्हणालो, "दादा, बेल ऐकू येत नसेल तर दिसेल अशी करतो. अनंत चतुर्दशीपर्यंत वेळ दे."

दादा हसला. "बेलबरोबर चमकणारा दिवा मीच आणून लावला होता ना? काय झालं त्याचं?"

खरं होतं. तो तयार मिळणारा पांढरा दिवा होता. आईचं घर जुन्या हायवेला लागून. दिवेलागणीपासून ट्रकचे झोत भिंतीवरून फिरत असतात. त्यात आणखी एक पांढरी लकाकी आली तर ती कोण बघणार? पिवळा लावला तर तो इंडिकेटरचा, लाल लावला तर ब्रेकचा. शिवाय देवघरात लाल बल्ब आणि फ्रीजच्या स्टॅबिलायझरला हिरवा. उरला निळा. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून आई निळ्या रंगाचं फार बोलते. "आदी सगळं पिवळट दिसायचं. आता निळं म्हंजे निळंच दिसतं."

"निळा लावतो," मी म्हणालो.

"म्हणजे अँब्युलन्स गेली की आई दार उघडायला धावणार."

आतून आवाज आला, "अँब्युलन्स काय माझ्या डाळीच्या डब्यावर येऊन चमकते?" कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नेमकं काय ऐकू येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दादानं मुदत दिली. अट अशी की तो न सांगता येणार आणि बेल दाबणार. पाच मिनिटांत दार उघडलं तर आई इथंच राहील. नाही उघडलं, तर चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी टेंपो.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद शाळेपासून आहे. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि सुटीच्या दिवशी सोल्डरिंग घेऊन बसतो. हिशेब केला: आई ज्या पाच ठिकाणी दिवसभर असते, म्हणजे ओटा, देवघर, मोरी, मागची पडवी आणि खाटेसमोरची भिंत, तिथं प्रत्येकी सहा एलईडी. तीस झाले. दहा जास्तीचे. एकूण चाळीस.

कर्जतच्या दुकानात एक निळा एलईडी दहा रुपयांना होता, तोही दुकानदाराच्या खणात फक्त सात. "एवढे निळे कशाला? लाल न्या, दोन रुपयांना देतो," तो म्हणाला. लालची किंमत निळ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी आहे हे मला ठाऊक होतं. मला लाल नको होते. मुंबईच्या बाजारात निळे स्वस्त मिळतात, पण जाऊन येण्याचं भाडं आणि एक रजा धरली तर ते सोन्याच्या भावाचे होतात. मग फोनवरून शंभराचं पाकीट मागवलं, एकशे ऐंशी रुपये. हे एलईडी बंद असताना पाण्यासारखे पारदर्शक असतात. पेटल्याशिवाय रंग कळत नाही. माझ्या पाकिटातले सगळे पेटवून पाहिले. सगळे पांढरे. वर निळ्या शाईत 'निळे' लिहिलं होतं.

"परत करा," बायको म्हणाली.

"परत घेत नाहीत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

"मग तुम्ही ते आधी वाचलं नाहीत?"

वाचलं नव्हतं. एकशे ऐंशी खर्ची पडले.

निळे मिळाले ते टेंपोवाल्याकडे. त्याचा मूळ धंदा मांडव आणि लायटिंगचा. टेंपो त्या सामानासाठीच घेतलेला. चौकमधल्या त्याच्या गोदामावरून मी रोज मोटरसायकलनं जातो. गणपतीच्या तयारीत त्यानं माळा बाहेर पसरल्या होत्या आणि कोपऱ्यात दोन गोणी बंद पडलेल्या माळांच्या होत्या. मी थांबलो. माळेत एक दिवा गेला की त्याच्या ओळीतले सगळे विझतात. बाकीचे धडधाकट असतात.

"ह्या गोणींचं काय करता?"

"भंगारवाल्याला. तो तांब्याच्या भावानं वायर घेतो. दिवे तो फेकतो," तो म्हणाला. त्याचे आजोबा किनाऱ्याकडून इकडे आले. तो स्वतः चौकचा, आईला काकी म्हणतो आणि बोलतो तिच्यासारखंच.

"निळे मला द्या. वायर तुमची."

"रुपयाला एक. चालंल?"

चालण्यासारखंच होतं. माझ्या खिशात नाण्याएवढा चपटा सेल कायम असतो. एलईडीचे दोन पाय त्याच्या दोन बाजूंना लावायचे की दिवा पेटतो. मी गोणीशी बसून एकेक कापून तपासू लागलो. चांगला एका हाताला, मेलेला दुसऱ्या हाताला.

"नवरी बघायला आलाव का भाऊ? रुपयाचा माल हाय!"

"रुपयाचा असला तरी पेटायला हवा."

"इतके निळे दिवे करणार काय?"

मला खोटं सांगता येत नाही, आणि सांगायचं कारणही नव्हतं. "आईच्या बेलला लावणार. आईला दिसलं तर ती ठाण्याला जाणार नाही."

त्यानं हातातली माळ खाली ठेवली. "म्हंजे दिवा पेटला तर माझा टेंपो उभा."

"हो."

"आन् दिवे माझ्याकडनंच नेता."

"हो."

"वा रं भाऊ! चार हजाराचं भाडं घालवून चाळीस रुपये कमवायला सांगता." तो मोठ्यानं हसला. मग त्यानंच दुसरी गोण माझ्याकडं सरकवली. "ह्यात निळे जास्त हायत. न्या. काकी गेल्या तर वालाचं बिरडं आमच्या घरी कोण धाडणार? ठाण्यास्नं येतंय का डबा?"

मी चाळीस रुपये काढले. तो म्हणाला, "राहू द्या. टेंपोच्या हिशेबात बघू."

गणपतीच्या आठवडाभर आधी काम पुरं झालं. दाराच्या बटणापासून वायर घरभर फिरवली. बटण दाबलं की पाचही जागी निळे दिवे मिनिटभर लुकलुकायचे. आई खिळ्यांवरून कुरकुरली, पण पहिल्यांदा दिवा पेटला तेव्हा पोळपाट सोडून दारात आली. "कोण हाय?" म्हणाली. मी होतो.

गौरी जाईपर्यंत सगळं ठीक होतं. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीनं बायकोला फोन केला: गॅसवाला बेल दाबून परत गेला. मी कामावरून सरळ चौकला गेलो. बटण दाबलं. ओट्यावर अंधार, पडवीत अंधार. वायर तपासली, सांधे तपासले. मग सेल मीटरनं मोजले. दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट यायला हवेत, ते थोडे कमी भरत होते. खिशातला एक लाल एलईडी लावला, तो झकास पेटला. निळा मात्र मिटून बसला. लालला दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीन लागतात, हे मी तीस वर्षं इतरांना सांगत आलोय. आणि खर्च कमी म्हणून मी दोनच पेन्सिल सेल घातले होते, तेही घरच्या भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले. सेल थोडे उतरले आणि निळा गेला.

बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "निळ्यासाठी सगळा तालुका पालथा घातलात, आणि सेल घड्याळातले! घड्याळ का बंद पडलंय ते मी दोन आठवडे बघतेय."

दादा मधल्या काळात आला असता तर प्रश्न तिथंच मिटला असता. चतुर्दशीला चार दिवस उरले होते. मी तीन नव्या सेलचा डबा लावला, दिव्यांना जास्त करंट जाऊ नये म्हणून रेझिस्टर बदलले, आणि आईला दाखवलं की महिन्याच्या एक तारखेला सेल बदलायचे, पेटत असले तरीही. सेलांची किंमत साठ रुपये. उतरलेले दोन सेल मी घरी आणले. ते बायकोनं माझ्यासमोर कचऱ्यात टाकले.

दादा चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी आला. मी कामावर होतो. पुढचं आईनं आणि त्यानं वेगवेगळं सांगितलं, पण दोन्ही जुळतं. त्यानं बटण दाबलं आणि मोबाईलवर वेळ लावली. आई पिठाच्या हातांनी दारात आली. दोन मिनिटांच्या आत. दादा पाणी प्यायला, मग "जरा चहा पिऊन येतो" म्हणून बाहेर पडला आणि अर्ध्या तासानं पुन्हा बटण दाबलं. ती मोरीत होती. आली.

"परत तूच? तुला काम नाय का रं?"

तिसऱ्यांदा त्यानं सांगितलंही नाही, शेजारच्या गॅरेजपर्यंत जाऊन परत फिरला. आई मागच्या पडवीत, जिथं आषाढात होती तिथंच. ती आली तेव्हा चिडलेली होती. "किती दाबतोस? सेल उतरंल! एक तारखेला बदलायचाय."

संध्याकाळी दादाचा मला फोन आला. "ठीक आहे," म्हणाला. "टेंपोवाल्याला तू सांग."

सांगायला गेलो तर त्याला आधीच कळलं होतं. गॅरेजवाल्यानं सांगितलं असणार. आगाऊ घेतलेले पैसे तो सहसा परत देत नाही. ह्या वेळी त्यानं ड्रॉवर उघडला, नोटा मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. चारशे साठ.

"पाचशे होते," मी म्हणालो.

"चाळीस दिवे," तो म्हणाला. "हिशेब झाला."

झाला, पण पैसे दादाचे होते आणि दिवे मी घेतले होते. चारशे साठ दादाला पोचते केले. घरी आल्यावर उरलेले चाळीस फोनवरून त्याला पाठवले. तो नको म्हणेल असं बायकोला वाटत होतं. त्यानं घेतले.