राखेने घासलेली काच

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कागदावर आजवर फक्त अंगठे उमटले, त्यामुळे मी असं लिहायला बसणं मलाच आगाऊपणा वाटतो. पण राग आहे, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

आमचा पाडा बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या बाजूला, टेकडीवर. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मामाकडे राहून बी.एस्सी. करतो. मी बारावीला असताना पाड्यावर सोलर पंप बसला. खालच्या विहिरीचं पाणी वर टाकीत येऊ लागलं, हंडे घेऊन चढणं थांबलं. थंडीत पंप झकास चालला. मे महिन्यात, नेमक्या गरजेच्या वेळी, गुरगुरून बंद पडायला लागला.

इंजिनीअर साहेब आले. आईला म्हणाले, "मावशी, पॅनेलची काच घाण ठेवता तुम्ही. रोज घासायची."

आईने ऐकलं. भांडी घासते तशी, राख आणि काथ्या घेऊन, रोज सकाळी घासली. पुढच्या खेपेला साहेबांनी पॅनेलवर बोट फिरवलं. "ओरखडेच ओरखडे! पंप तुम्हीच घालवलात."

बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर उतरू लागल्या. जाता जाता आईला ऐकवायच्या, "घास गो अजून! तुझ्या टोपासारखी चकचकीत कर."

पण पंप बंद पडला तो आधी, राख लागली ती नंतर. खरं कारण मी कॉलेजच्या वर्गात शिकलो होतो. उन्हाळा संपताना समुद्राकडून दमट हवा येते. त्यातली वाफ उन्हाचा काही भाग शोषते. धुळीधुराचे कण ओल पिऊन फुगतात आणि ऊन इकडेतिकडे उधळतात. आभाळ ताकासारखं पांढुरकं होतं. घाम निथळतो, पण खाली पोचणारं ऊन कमीच. आणि आमची पॅनेलं कोरड्या, स्वच्छ उन्हाच्या हिशोबाने, अगदी कंजुषीने लावलेली. आणखी दोन हवी होती.

"सर, हवेत ओल आहे, म्हणून..." त्या दुसऱ्या खेपेला मी सुट्टीत घरीच होतो, तेव्हा साहेबांना कसंबसं म्हणालो.

"ओल? मग बरंच की, पाण्याचीच योजना आहे!" साहेब म्हणाले, आणि त्यांचा ड्रायव्हर हसला. "कॉलेजला जातोस ना? वर बघ. ढग आहे का एक तरी?"

मी खरंच वर बघितलं. ढग नव्हता.

त्यांना ऐकायचंच नव्हतं. हातात राख घेतलेली बाई समोर उभी होती, तेवढं त्यांना पुरे होतं.

मी अर्ज पाठवला: दोन पॅनेलं वाढवा, आणि मे महिन्यात येऊन बघा. पावसाळा गेला, उत्तर नाही. इकडे थंडी पडली, आभाळ निळंशार झालं.

काल आईचा फोन आला. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता.

"पोरा, तुझा अर्ज पोचला! सायेब आला होता. बटन दाबला नि पानी धो धो! टाकीपाशी माझा फोटो पन काढला. बोलला, मावशी, बिघाड कायच नाय, तक्रार बंद केली."