सरांची उघाडी

माझ्या नवऱ्याच्या पीएचडीच्या गाईडइतकं चिखलावर प्रेम करणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नसेल. असलाच तर तो नक्कीच आम्ही राहतो त्या क्लेटनमध्ये राहत नसेल. सर आर्थिक भूगोलाचे. त्यातही व्हिएतनाममध्ये मेकाँग नदी समुद्राला मिळते तिथला एकच प्रांत, त्याचे कालवे, भात, कोळंबी आणि बाजार एवढाच त्यांचा विषय. पण तो विषय युनिव्हर्सिटीपुरता ठेवायचा असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे जेवायला आले की ताटात भाताचा डोंगर करायचे, माथ्यावरून वरण सोडायचे आणि ते कसकसे फाटे फोडत जातंय ते वाकून बघत बसायचे. "बघ, गाळ कसा पसरला. आता इथे लोक राहायला येणार," असं म्हणत ताटाच्या कडेला लिंबाच्या फोडींचं गाव वसवायचे. तोवर वरण गार. माझी मुलगी समोर बसून तेच करायची आणि वर मला ऐकवायची, "मम, आय ॲम नॉट प्लेइंग, इट्स जिऑग्रफी."

पुण्याहून माझे आईबाबा आले तेव्हा सर मोठ्या हौसेने म्हणाले, "मी फिरवतो त्यांना." आई नवीन साडी नेसून, बाबा कॅमेरा घेऊन निघाले. सरांनी त्यांना सिमेंटने बांधून काढलेला एक ओढा दाखवला. दोन तास. काउन्सिलने ओढ्याचा गळा कसा आवळलाय, ते पुलावर उभं राहून समजावलं. "माणूस लाखात एक आहे," बाबा घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, "पण पुन्हा नको."

मला तेव्हा गाडी येत नव्हती, म्हणून दर शनिवारी सर मला भाजीला व्हिएतनामी बाजारात न्यायचे. तिथे लान नावाच्या बाईंचं दुकान होतं आणि लान नेमक्या सरांच्या त्या प्रांतातल्या. सर गल्ल्यापाशी उभे राहून विचारायचे, भावाने यंदा काय पेरलं, कालव्याचं पाणी कसं आहे. निघताना ड्रॅगन फ्रूटचं आख्खं खोकं घ्यायचे. स्वतः त्यांना ते फळ अजिबात आवडत नसे. ते विद्यार्थ्यांना वाटलं जाई. मी त्याची कोशिंबीर केली, शिकरण केलं, शेवटी नवरा हात जोडून म्हणाला, "थिसिस लवकर संपवतो, पण हे थांबव."

एका शनिवारी परतताना मी सरांना छेडलं, "लानवर एवढी मेहेरबानी कशासाठी, सर?" त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. सर अलिबागकडच्या खारेपाटातले. लहानपणी बांध फुटून भरतीचं पाणी त्यांच्या भातात शिरलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं त्या शेतात गवतही धड उगवलं नव्हतं. खारं पाणी म्हणजे वैरी, हे त्यांच्या हाडात बसलेलं. तरुणपणी त्यांना त्या प्रांताच्या विकासाचा अहवाल लिहायचं काम मिळालं. आपल्याकडे खाडीच्या बांधाला पाण्याचं दार असतं, उघाडी म्हणतात तिला, तसं एक मोठं दार कालव्याच्या तोंडाशी बसवा, खारं पाणी बाहेर ठेवा आणि वर्षभर भात घ्या, असं त्यांनी लिहिलं. दार बसलं, भातही आला. पण तिथले लोक भात कापून झाला की त्याच शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी वाढवत. ती संपली. लानच्या वडिलांचीसुद्धा.

"त्यांना खारं पाणी नकोच असणार, असं मी धरूनच चाललो गं," सर म्हणाले. "कुणाला विचारलंसुद्धा नाही."

"लानला माहीत आहे?"

"नाही ना. सांगायचंय. दर शनिवारी त्यासाठीच तर जातो."

आणि खोकं घेऊन येतो, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

पुढचे तीन शनिवार मी कशीबशी गप्प राहिले. चौथ्या शनिवारी सरांनी सुरुवात केली, "लान, तुमच्या त्या कालव्यावर..." आणि भेंडीचा भाव विचारला. माझं तोंड म्हणजे काय सांगावं! मी बोलून गेले, "लान, ते दार सरांनी सुचवलं होतं. त्यांना सॉरी म्हणायचंय." लानचा वजनकाट्यावरचा हात थांबला. तिने सरांकडे पाहिलं. मागे रांग होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "येस." लानने पिशवी भरून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

गाडीत सर म्हणाले, "सॉरी तरी माझं मला म्हणू द्यायचं होतंस गं." आवाजात राग नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यानंतर ते त्या दुकानात गेले नाहीत. वर्षअखेर निवृत्त झाले आणि ॲडलेडला, मॉसन लेक्सला मुलाकडे राहायला गेले.

काही महिन्यांनी लाननेच विषय काढला. "त्या दिवशी तू बोललीस," ती म्हणाली. "ते नाही बोलले. मला राग आहे त्यांचा. पण ऐकायचंय, आणि त्यांच्याच तोंडून." मी घरी पोचायच्या आत सरांना फोन लावला. ते लहान मुलासारखे हरखले. "येतो म्हणावं. फक्त नीट तयारी करून येतो." मग गुडघे आले, मग मोतीबिंदू, मग नातवाच्या परीक्षा. यंदा मी महिनाभर पुण्याला जाऊन आले, तर लानच्या दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, दुकान विकून मुलीकडे ब्रिस्बेनला गेली. पत्ता, फोन कुणापाशीच नाही. मीही इतक्या वर्षांत कधी मागितला नव्हता.

सरांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांचा दर शनिवारी फोन येतो. मुलीची चौकशी करतात, ओढ्याची करतात, मग घसा साफ करून म्हणतात, "ऐक हं, या वेळी जरा बदललंय." आणि इंग्रजीतली चार वाक्यं वाचून दाखवतात. वाचून झालं की विचारतात, "लानला समजेल ना गं?"

"छान झालंय, सर," मी म्हणते. "असंच म्हणा."