आत्याचा कोरा काप

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बोलवा आहे की माझी आत्या फ्रीजमध्ये मेंदू ठेवते. खालच्या काकू हे सांगताना आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि मग टायरमधली हवा जावी तसा आवाज काढतात: "अगंऽ, मेंदू! डब्यात!" मी हा आवाज इतका हुबेहूब काढते की एकदा काकूंच्या सुनेने आतून "आले हं, आई" अशी ओ दिली होती.

तर खरं सांगते. आमच्या फ्रीजमध्ये दूध आणि लिंबं असतात. मेंदू असतात ते आत्याच्या प्रयोगशाळेत, तेही उंदरांचे, शेंगदाण्याएवढे. बावीस वर्षं ती त्यांचे कागदाहून पातळ काप काढते आहे.

दोन मेंदूपेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तिथलं एक प्रोटीन मोजणं हे आत्याच्या सरांचं काम, म्हणजे खरं तर आत्याचं. ते नुसतं दिसत नाही. म्हणून सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी कापावर सोडायची. ती त्या प्रोटीनला जाऊन चिकटते, आणि रंग चढवला की मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके चमकतात.

पण ती भलत्यालाच चिकटली तर? म्हणून आत्याचा नेम असा, की दर वेळी एक काप अशा उंदराचा लावायचा, ज्याच्यात ते प्रोटीन जन्मापासूनच नाही. तो काळाच राहायला हवा. त्याला ती कोरा काप म्हणते. घरीही हेच. मिठाचा नवा पुडा आला की आधी जुन्याची चिमूट जिभेवर, मग नव्याची. बाबा म्हणतात, "ताई, मीठ खारटच असतं गं!" ती म्हणते, "असतं ना? मग बघायला काय जातं?"

गेल्या वर्षी जुन्या सशाची अँटिबॉडी संपली. नवी बाटली आली. नाव तेच, ससा दुसरा. नेमके तेव्हा कोऱ्या जातीचे उंदीर संपत आले होते. सर म्हणाले, "म्हणजे बघा बाई, अं, नाव तेच आहे ना? किती शंका घ्याल?" आणि मिठाच्या पुड्यावरही विश्वास न ठेवणारी माझी आत्या "बरं सर" म्हणाली. आठ महिने कोरा काप लागला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी नवे उंदीर आले, तेव्हा तिने लावला.

"हिरवागार," तिने आम्हाला सांगितलं. पुढ्यातलं ताट तसंच होतं. "तीनदा केला. तिन्ही वेळा हिरवागार."

म्हणजे आठ महिने मोजलेले ठिपके कशाचे होते, देव जाणे. त्याच ठिपक्यांवर सरांच्या विद्यार्थिनीचा प्रबंध उभा होता आणि तो या महिन्यात द्यायचा होता. आत्या तिला 'पोरगी' म्हणते. आणि तो काप आत्याशिवाय कुणी पाहिला नव्हता.

"मग कुणाला कळणार आहे?" बाबा म्हणाले. "त्या कापाची काच हातातून पडली समज."

"तुला कळलंच की आता."

"अगं, नोकरी जाईल!"

"जाईल," आत्या म्हणाली आणि उठून ताट झाकायला लागली. झाकण तिला सापडेना. ते तिच्याच हातात होतं.

रविवारी दुपारी मटार सोलता सोलता ती मला म्हणाली, "तू सर हो."

मी बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. "म्हणजे बघा बाई, अं, काय काम काढलंत?"

"सर, सॉरी, जरा बोलायचं होतं, म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर…"

"वेळ नाही!" मी टेबलावर हात आपटला. मटार उडाले. एरवी ती हसली असती. या वेळी तिने माझ्याकडे खरोखर सरांकडे बघावं तसं बघितलं, आणि मला चष्मा काढावासा वाटला.

चौथ्या खेपेला ती सरळ म्हणाली, "सर, कोरा काप चमकतोय. आठ महिने मी तो लावला नाही."

"त्यांनीच नको म्हटलं होतं, ते सांग ना!"

"हात माझा होता."

"ते ओरडणार बघ. पैज!"

"नाही ओरडणार. हरलीस तर महिनाभर कुणाचीही नक्कल बंद."

"आणि तू हरलीस तर मी तुझी नक्कल काकूंसमोर करणार!"

सोमवारी ती चारलाच घरी आली. चपला जोडीने लावल्या, हात धुतले, पुन्हा धुतले.

"ओरडले?"

"नाही. स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ. पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मग म्हणाले, उद्यापासून काप दुसरं कुणी करेल, तुम्ही काचा धुण्याच्या खोलीत बसा."

"एवढंच?"

"एवढंच. प्रबंध थांबवलाय. पोरीला वर्षभर पुन्हा सगळं करावं लागेल. जाताना माझ्याशी बोलली नाही ती."

बाबांना ते शांत बोलणं ऐकवेना. ते मला म्हणाले, "ए, करून दाखव त्या सरांची नक्कल! जरा हसू दे हिला."

मी चष्म्याकडे हात नेला. आत्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"हरलीस ना?"

मी हात खाली घेतला. आज पाचवा दिवस आहे. काकू जिन्यात नव्याने सांगतायत की मेंदू चोरला म्हणून आत्याला भांडी घासायला बसवलंय, आणि मला तो आवाज काढता येत नाही.