बंद खोलीतल्या शेंगा

वैशाखातल्या दुपारी मेहरूण तलावावरून येणारा वारासुद्धा तापलेला असतो. पडदे ओढलेल्या घरात अशी निःशब्दता दाटते की भिंतीवरच्या पालीचं सरकणंही ऐकू यावं. त्या निःशब्दतेत आबांच्या खोलीतून तो आवाज येतो: कट्. थोडा विराम, पुन्हा कट्. भुईमुगाची शेंग फोडल्याचा आवाज. पण हिवाळ्यापासून आमच्या घरात शेंग आलेलीच नाही. ती येऊ नये याची दक्षता मीच घेतली आहे.

आबा म्हणजे माझे वडील. भुसावळला रेल्वेत होते तेव्हापासून त्यांच्या खिशात शेंगा असायच्याच. हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. वजन थोडं उतरवा, दाणे-तेल जपून, असं डॉक्टर म्हणाले. ते थोडंच बोलले. भ्यालेल्या मी मात्र पुष्कळ ऐकलं. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला, मोबाइलवर कॅलरी मोजू लागलो. आणि काय विलक्षण हिशेब तो! मूठभर शेंगदाण्यांची बरोबरी करायला किलोभर दुधीही पुरत नाही. दुधी म्हणजे बहुतेक पाणीच, आजचा दिवस गार करून निघून जाणारं. दाण्यात मात्र अख्खा पावसाळा आणि त्यामागचं ऊन घट्ट दडपलेलं. अजून न उगवलेल्या रोपासाठी बांधून ठेवलेली शिदोरीच ती! ती शिदोरी मी एका म्हाताऱ्याच्या हातून काढून घेतली. भरितातलेसुद्धा दाणे वेचले आणि त्यांच्यापुढे वाटीभर दुधी ठेवला.

आबा हलके होत गेले. सदरा खांद्यावरून ओघळू लागला, गालांत सावल्या साचल्या, आणि मी उतरणारा आकडा पाहून सुखावत राहिलो. आता पुरे का, हे विचारायला डॉक्टरांकडे काही गेलो नाही. काळजी कुठे संपते आणि क्रौर्य कुठे सुरू होतं, हे कोणता काटा दाखवतो?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरली. निखाऱ्यांवर त्यांच्या नावाचा घास टाकून आगारी दिली. पुरणाचा धूर वर चढताना आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, मी गेलो ना, तं आगारीवर मूठभर शेंगा टाकजो. तव्हा तरी मोजू नको."

सगळे हसले. मी धुराकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो आवाज येऊ लागला. आबा चोरून खातात, असं वाटून मी उशीखाली पाहिलं, गादी उचलली. एक टरफल नाही. शेवटी काल दाराआड उभा राहिलो. आबा पलंगावर बसलेले, डोळे मिटलेले, हात रिकामे. अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबली जात होती, आणि वाजत होते ते त्यांचे सांधे. मग ती बोटं ओठांपाशी जात, आणि जबडा हळूहळू हलत राही.

आज शेंगा आणल्या. उद्या डॉक्टरांना विचारायला जाणार आहे, जे केव्हाच विचारायला हवं होतं. आबांनी एक शेंग अंगठ्याखाली धरली. ती फुटेना. तेव्हा मीच फोडू लागलो.

"मोजल्या का रे?"

"नाही, आबा."

त्यांनी दाणा जिभेवर ठेवला. बराच वेळ चावलाच नाही. मग दुसऱ्यासाठी तळवा पुढे केला.

कट्. थोडा विराम, पुन्हा कट्. आता तो आवाज माझ्या हातून येतो आहे. पण मधेच मी थांबतो, आणि आवाज थांबत नाही. आबांच्या मांडीवरचा दुसरा, रिकामा हात अजून शेंगा फोडतोच आहे.