देव्हाऱ्यातलं प्रवाळ

आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या ज्या मराठी मंडळींनी २०१७ साली माझ्या मुलाच्या घरी स्वयंभू गणपतीचं दर्शन घेतलं, त्या सर्वांची मी क्षमा मागतो. तो गणपती नव्हता. मालदीवच्या समुद्रात मी मोडलेलं प्रवाळ होतं.

त्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे सहा महिने राहायला होतो. सुट्टीत सगळे मिळून मालदीवला गेलो. नऊ वर्षांच्या नातीचं शाळेसाठी प्रवाळ वाचवण्यावर पोस्टर चाललं होतं. बोटीतच तिने सगळ्यांना शपथ घ्यायला लावली: हात लावायचा नाही, पाय टेकवायचा नाही. तिला मराठी कळतं, पण ती बोलते आयरिश चालीच्या इंग्रजीत. "आजोबा, इट्स अलाइव्ह, लाइक," असं मला एकट्याला तीनदा बजावलं.

मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. तोंडात नळी धरून श्वास घेणं काही जमेना. नाकात खारं पाणी गेलं तसा घाबरून उभा राहिलो, आणि पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. बोटभर तुकडा होता. तिथेच सोडावा तर नात बघेल, म्हणून उचलून चड्डीच्या खिशात घातला. चोरी करायची नव्हती, पुरावा लपवायचा होता.

कॉर्कला कपडे धुताना तो बायकोच्या हाती लागला.

"अहो, हे काय?"

"सापडलं. किनाऱ्यावर."

तिने तो उजेडात फिरवून पाहिला. "सोंड बघा की! आपणहून आलेत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "आलेत खरं."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात त्याला दुधाचा अभिषेक सुरू झाला. संकष्टीला चार घरची मंडळी आली. त्यातल्या एकाला पुढच्याच आठवड्यात नोकरी लागली, तो पेढे घेऊन आला. नातीने मात्र वाकून बघितलं. "आजोबा, दॅट्स कोरल."

"किनाऱ्यावर पडलेलं होतं, बाळा."

"ग्रँड," म्हणजे तिकडच्या भाषेत 'बरं', असं म्हणाली आणि हात जोडून शाळेत गेली.

तिच्या पोस्टरवर माझा नळी लावलेला फोटो होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'माझ्या आजोबांनी कशालाही हात लावला नाही.' मोडलं ते पायाने, अशी मी मनाची समजूत घातली.

२०१९ मध्ये पुन्हा गेलो तर ते पोस्टर घरच्या जिन्यात लावलेलं. वर जाताना, खाली येताना माझाच फोटो माझ्याकडे बघायचा. चौथ्या दिवशी नाश्त्याला सगळं सांगून टाकलं.

नातीचा चमचा थांबला. "यू स्टुड ऑन इट? अँड यू लेट आजी प्रे टू इट?"

"अहो, मी सूनबाईला दोन वर्षं त्याच्यावर दूध घालायला लावलं!" बायको कडाडली. "खाऱ्या पाण्यातला जीव तो! आता विसर्जन तरी नीट करू. समुद्र जवळच आहे."

"नॉट हिअर, आजी. टू कोल्ड."

"मग मालदीवलाच जाऊ."

"नॉट विथ आजोबा," नात म्हणाली आणि मार्कर घेऊन जिन्याकडे गेली.

संध्याकाळपर्यंत मी वर गेलो नाही. गेलो तेव्हा जुनी ओळ खोडलेली होती. खाली नवी होती: 'आजोबांनी एक मोडलं. मग खोटं बोलले. आज सांगितलं.'

फोटो मात्र तिने काढला नव्हता.