तीन गायींचा वीर, बदलापूर गाव

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्याच आठवड्यात कळलं, तिच्या माहेरी, बदलापूर गावात, रस्ता रुंद केलाय. वडाखालचा वीरगळ त्यात गेला, हे तिने बसल्या जागी ठरवूनही टाकलं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. माझ्या आजोळी तो देवच. "वीर कुठे आहे ते कळल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही," आई म्हणाली. झालं! रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून मी स्कूटर काढली.

विठ्ठलवाडीहून अंबरनाथमार्गे पाऊण-एक तास धरा. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ वडापाव हाणून घ्या, पुढे गावात खायला शोधत बसाल. मी दोन हाणले, त्यात उशीर झाला तो झालाच.

पोचले तर वडाच्या जागी नवंकोरं गटार. आता आईला काय तोंड दाखवू? समोर अंगणात मिरच्या वाळत घालणाऱ्या काकूंना विचारलं. त्यांनी आधी मी कोणाची कोण ते काढून घेतलं, मग म्हणाल्या, "आमचा देव हाय तो. मशीन यायच्या आधीच उचलून वर नेला."

वर म्हणजे टेकाडावर, गावदेवीच्या मागे, उघड्यावर. दाखवायला काकू सोबत आल्या. पण तिथे चार दगड, चारही दगडांवर शेंदराचे थर! आईने सांगितलेली खूण एकच: तळाच्या चौकटीत तीन गायी. ऊन नेमकं डोक्यावर, त्यामुळे कोरीवकाम सपाट दिसत होतं. तुम्ही जाल तर सकाळी आठच्या आत जा, ऊन तिरकं मिळतं. माझी कुरकुर ऐकून काकू खाली गेल्या, स्टीलची परात घेऊन आल्या आणि तिच्यावरून ऊन बाजूने दगडांवर पाडू लागल्या. तिसऱ्या दगडाच्या तळाशी शिंगं उठून दिसली. एक, दोन, तीन. मला चक्क रडू आलं. काकू परात धरून हसत होत्या आणि मी भराभर फोटो काढत होते.

घरी आईने फोटो मोठा करून गायी मोजल्या, दोनदा. मग चष्मा पुसला.

"वर जायला पायऱ्या किती गं?"

"बावीस."

"मग लाव डॉक्टरांना फोन. बावीस पायऱ्या चढायच्यात म्हणावं, त्या बेताने गुडघे बसवा."