सामाईक विहिरीतला बाप्तिस्मा

लोणारला निघालेल्या मंडळींनो, माझी माहिती जुनी आहे. तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि जळगावच्या कचेरीत मीही नवाच. सरोवर पाहायला चार दिवसांची रजा काढली, तर सोबतचा कारकून सुखदेव म्हणाला, "वाटेत आमच्या गावी उतर. बाबा बाप्तिस्मा घेऊन राह्यले." तो स्वतः आधीच ख्रिस्ती झाला होता. मला धर्माचं सोयरसुतक नाही, पण आयता मुक्काम कोण सोडतो?

मलकापूरपर्यंत आगगाडी, पुढे एसटी. बुलढाण्याचा घाट चढताना इंजिन दोनदा तापलं. मेहकरच्या पुढे फाट्यावर उतरून तासभर पायपीट. पाणी जवळ ठेवा. सुखदेवच्या घरच्या ठेच्याने डोळ्यांतून धारा काढल्या, तरी मी पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अडलं. विहीर सुखदेवचे वडील किसनबाबा आणि थोरले काका महादूबुवा यांची सामाईक. त्या दिवशी पाण्याची पाळी बाबांची होती, पण पायऱ्या काकांच्या वावरातून उतरत, आणि काका पायरीवरच उभे.

"देव मनात हाये म्हनतं ना? मंग पान्यात काऊन बुडतं?"

मेहकरहून सायकलीवर आलेले चर्चचे पाळक शांतपणे म्हणाले, "पाणी तारत नाही, प्रभू तारतो. पाणी ही साक्ष. जुना माणूस पुरला, नवा उठला. बाबांना दमा आहे, घरीच डोक्यावर पाणी घातलं तरी चालेल."

बाबांनी मान हलवली. "घरी कोन पाहीन? मी त्याचा झालो, हे त्याले ठाव हाये. गावाले नाई. मेल्यावर हे भाऊबंद मले चितेवर ठेवतीन. मले मातीत जायचं हाये. दादा, तू पाह्य."

"म्या नाई पाहत." काका बाजूला झाले आणि पाठ फिरवून बसले.

पाळकांनी बाबांना पाण्याखाली नेलं. वर आले ते ठसकतच, श्वास मिळेना. मी घाबरलो. तेवढ्यात काका गर्रकन वळून ओरडले, "अबे, काढा त्याले भाईर!" बाबा पायरीवर बसून खोकत खोकत हसत होते.

नंतर लोणार पाहिलं. उतार निसरडा आहे, बूट घाला. पाण्याला उग्र वास येतो.

मी आजही देवळात जात नाही, चर्चमध्येही नाही. पण लोणार म्हटलं की सरोवर आठवत नाही, सुखदेवने पुढच्या हिवाळ्यात सांगितलेलं आठवतं. बाबा गेले तेव्हा भाऊबंदांनी लाकडं आणली. म्हणाले, धर्म बदलल्याचं कोनं पाह्यलं?

महादूबुवांनी कुदळ उचलली.

"म्या पाह्यलं," म्हणाले, आणि बांधाशी खणायला लागले.